अनेक हातांचा जामा

इ.स. १३४२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीहून चीनच्या वाटेला लागला. मुहंमद तुघलकाने त्याला चिनी बादशहाकडे वकील म्हणून धाडले होते. सोबतच्या नजराण्यात घोडे होते, गुलाम होते आणि कापड होते: बैरमी नावाच्या तलम सुती कापडाचे शंभर नग, रेशमी ठाण आणि खुद्द सुलतानाच्या वस्त्रागारातले भरजरी पोशाख. दौलताबादहून खंबायतकडे जाताना हा तांडा नंदुरबारला थांबला. गाव लहान, वस्ती मराठ्यांची. हे लोक हस्तकलेत तरबेज, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे, भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खाणारे, अशी नोंद इब्न बतूताने केली आहे. तापीच्या खोऱ्यातल्या माणसांबद्दल एका परक्या प्रवाशाने लिहिलेल्या जुन्या मजकुरात हातांच्या कसबाचा उल्लेख अगदी पहिल्यांदा यावा, याचा मला फार आनंद वाटतो.

आता त्याच नंदुरबार तालुक्यातले कोरीट डोळ्यांसमोर आणा. समजा, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी गावातल्या पोरांना अकरा जणांचा मावळ्यांचा चमू उभा करायचा आहे. हाताशी आठ दिवस. दिवसा माणसे शेतात, मिरचीच्या तोडणीला किंवा नंदुरबारला कामावर. मोकळ्या त्या फक्त संध्याकाळी. गावात शिलाई मशीन असलेली चार-पाच घरे, एखादा मुरलेला शिंपी आणि सुई धरता येणारे बरेच हात. भाड्याने पोशाख आणायचे तर चकचकीत साटीन मिळेल, मागे चेन आणि पुढे चिकटपट्टी. मग आठ दिवसांत खरा मध्ययुगीन पोशाख शिवून होईल का?

होईल. आणि तो होतो याचे कारण त्या पोशाखाच्या घडणीतच आहे. मध्ययुगातला जामा, अंगरखा किंवा बंडी हा एका माणसाने एका बैठकीत शिवायचा कपडा नव्हताच. त्याची बेतणीच अशी, की अनेक हातांना तो एकाच वेळी शिवता यावा. आजचा कोट शिवताना बरीच कामे एकामागून एकच करावी लागतात. जाम्याचे तसे नाही. त्याचा घेर एका घरात, बाह्या दुसऱ्या घरात आणि बंद तिसऱ्या घरात तयार होऊ शकतात.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा अकबराच्या दरबारातला आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही वस्त्रागाराचे एक प्रकरण आहे, आणि शिवणकामाची आवड असलेल्या माणसाने ते हावरेपणाने वाचावे असे आहे. दर मोसमात एक हजार पूर्ण पोशाख शिवले जात. त्यांतले १२० पोशाख बारा गठ्ठ्यांत बांधून कायम तयार ठेवलेले असत. पुढे एकेका कपड्याचा हिशेब येतो. तकौचिया हा बिनअस्तराचा, हिंदुस्थानी घाटाचा अंगरखा. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. बादशहाने घेर गोल करवला आणि बांधणी उजवीकडे आणली. त्याला कापड लागे ७ गज ७ गिरह, शिवाय गोटाला ५ गिरह. गजाचे सोळा गिरह. अकबरी गज साधारण ३३ इंचांचा धरला तर हे कापड सव्वासहा मीटरच्या आसपास भरते. साधी शिलाई १ ते ३ रुपये, नक्षीच्या टाक्यांची असेल तर पावणेपाच रुपयांपर्यंत, आणि वर एक मिस्काल वजनाचे रेशीम.

याच प्रकरणात 'शस्तखत' नावाचा एक कपडा आहे. त्यावर दर गिरहला साठ शोभेचे टाके. गिरह म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये अकरा-बारा टाके. त्याची शिलाई कपड्यावर नव्हे, गजावर ठरे: दर गजाला २ रुपये. मजुरी गजावर मोजायची म्हणजे काम वाटता येते, कोणी किती शिवले ते वेगवेगळे मोजता येते. हजार पोशाखांचा मोसम एकट्यादुकट्या दर्जीने पार पडत नाही. पुढे १६६३ च्या सुमारास फ्रेंच वैद्य बर्नियेने दिल्लीच्या किल्ल्यातल्या कारखान्यांचे वर्णन केले. एका दालनात कशिदाकार, दुसऱ्यात सोनार, मग चितारी, आणि आणखी एका दालनात शिंपी आणि मोची. कशिदाकारांवर एक उस्ताद नजर ठेवून.

मराठी राज्यातल्या अठरा कारखान्यांत कापडचोपड आणि पोशाखांचा जामदारखाना होता. त्याची निकड कशी असे, हे एका प्रसंगावरून कळते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. राज्याचा कारभार मोजमापे घेऊन, कापड आणून, शिवून होईपर्यंत थांबत नसतो. म्हणून मानाच्या वस्त्रांत तिवट, शेला, किनखाप अशी न शिवलेली कापडे असत आणि ती कोठीत तयारच असत. घाईवरचा पहिला उपाय इथेच सापडतो: जे शिवावे लागत नाही, ते शिवू नका.

कोरीटच्या अकरा मावळ्यांसाठी हा उपाय सोन्यासारखा आहे. मिरवणुकीत सगळ्यांना लांब, घेरदार जामे घालायचा मोह होतो. पण सह्याद्रीत धावणारा साधा मावळा पायघोळ जाम्यात कशाला असेल? त्याच्या डोक्याला मुंडासे, अंगात आखूड बंडी, कमरेला गुंडाळलेला शेला, खांद्यावर घोंगडे. यातली बंडी सोडली तर बाकीचे सगळे गुंडाळायचे, शिवायचे काहीच नाही. जामा शोभतो सरदारांना, कारभाऱ्यांना. तेव्हा अकरांपैकी तिघांना जामे आणि आठ जणांना बंड्या. इतिहासाशी प्रामाणिक राहिले की निम्म्याहून अधिक काम आपोआप कमी होते. 'वेळ नव्हता म्हणून अचूकता सोडली' असे सांगणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो: अचूकता बहुतेक वेळा स्वस्तही असते आणि झटपटही.

नमुना कुठून घ्यायचा? चित्रपटातून नको. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली गोवळकोंडा शैलीची चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र महाराष्ट्रापुढे ठेवले, तेही डचांच्या संग्रहातून आलेले. या चित्रांत जामा आहे, कमरेला नक्षीच्या पदरांचा पटका आहे, पायात चुस्त विजार आहे, डोक्याला तुरा खोवलेले पागोटे आहे. चित्र मोबाइलवर मोठे करून शिंप्याच्या नजरेने पाहावे. छातीवरचा पडदा कुठून कुठे गेला आहे, घेर छातीखाली नेमका कुठे जोडला आहे, बाही मनगटावर चुण्या पाडून गोळा झाली आहे की नाही. बांधणी कोणत्या बाजूला आहे हे कात्री उचलण्याआधी ठरले पाहिजे. त्या काळी हिंदूंनी डाव्या काखेत आणि मुसलमानांनी उजव्या काखेत बांधायचा सर्वसाधारण प्रघात होता, आणि छापताना चित्र उलटे झाले असेल तर सगळाच घोटाळा होतो. तलवार कोणत्या हातात आहे ते बघितले की उलटे छापलेले चित्र बहुधा ओळखू येते.

आता कापणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जाम्याची सगळी हुशारी इथेच आहे.

घेर कळ्यांचा असतो. वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या एकमेकींना जोडत गेले की घेर तयार. कळी कशी कापायची? ७५ सेंटिमीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद असा तुकडा घ्या. वरच्या कडेवर डावीकडून १० सेंटिमीटरवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून ४५ वर. दोन खुणा जोडणारी तिरपी रेघ ओढून कापा. हातात दोन कळ्या येतात. एक वर १० आणि खाली ४५. दुसरी अर्ध्या वेढ्याने फिरवली की तीही वर १० आणि खाली ४५. चिंधीसुद्धा वाया गेली नाही. आज बाजारात मिळणाऱ्या सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच, म्हणजे ११२ सेंटिमीटर असतो. त्यात ५५ चे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात. म्हणजे ७५ सेंटिमीटर कापडातून चार कळ्या, आणि बारा कळ्यांच्या पूर्ण घेराला लागते फक्त सव्वादोन मीटर. शिवणीत दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर गेले तर वरचे माप ९६ भरते. ७६ सेंटिमीटर कंबरेच्या तरुणाला पुढे २० सेंटिमीटर एकावर एक येईल इतका घेर मिळतो आणि खालची गोलाई पाच मीटरच्या वर जाते. चालताना तो घेर फुलतो, घोड्यावर मांड टाकताना अडत नाही.

कळी जोडताना एक नियम पाळावा लागतो. प्रत्येक कळीला एक कड सरळ आणि एक तिरपी असते. तिरपी कड शेजारणीच्या सरळ कडेला लावायची. सुताच्या तिरप्या अंगाला कापड ताणते; दोन तिरप्या कडा एकत्र आल्या तर शिवण ओघळते आणि घेराची खालची रेघ वाकडीतिकडी लोंबते. सरळ कड तिरपीला धरून ठेवते. आणखी एक गोष्ट: अर्ध्या वेढ्याने फिरवलेल्या कळीवर नक्षी उलटी येते, म्हणून कोयऱ्या किंवा एकाच दिशेची वेलबुट्टी असलेले कापड या कापणीला चालत नाही. साधे पांढरे सुती घ्यावे आणि रंगाची हौस पटक्यात आणि पागोट्यात फेडावी.

अंगाचा भागही असाच सोपा आहे. पाठ एक, पुढे दोन पल्ले, त्यांतला एक छातीवरून आडवा जाणारा. बाही म्हणजे लांब, मनगटाकडे निमुळती होत जाणारी पट्टी. आजच्या शर्टाच्या बाहीला वर गोलाई असते आणि ती मुंढ्यात बसवणे हे कसबाचे काम. जाम्याच्या बाहीला ती गोलाई नाही. बाही सरळ जोडायची आणि काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. हात वर केला की तो तुकडा उघडतो, खाली घेतला की मिटतो. नवख्या माणसालाही हे जमते.

'आईन'मध्ये अबुल फजलने एक नवल नोंदवले आहे: बादशहाचे कपडे उंच असो की बुटका, कोणालाही नीट बसतात, आणि याने अनेकजण कोड्यात पडले आहेत. अबुल फजलच्या दृष्टीने तो अकबराच्या थोरवीचा भाग. मला त्यात दर्जीचे शहाणपण दिसते. जिथे बटण नाही, बंद आहेत. जिथे पुढचे पल्ले हवे तितके एकमेकांवर सरकतात. जिथे जास्तीची बाही मनगटावर चुण्यांत मुरते, तिथे मापाचा चार-सहा सेंटिमीटरचा फरक कपडा स्वतःच गिळतो. घाईत काम करणाऱ्या चमूला यासारखी दुसरी मेहेरबानी नाही. अकरा जणांची अकरा मापे घ्यायची गरज उरत नाही. लहान, मधले, मोठे अशी तीन मापे पुरतात.

आठ दिवसांचा हिशेब आता मांडता येतो. तीन जाम्यांच्या छत्तीस कळ्या. एका जाम्यात अकरा शिवणी, प्रत्येक पाऊण मीटरची, म्हणजे तिन्ही मिळून पंचवीस मीटरच्या आत. पायाने चालवायच्या मशीनवर हे एका संध्याकाळचे काम, आणि वीज गेली तरी अडत नाही. खालची पायमोड मात्र हातानेच घालावी. मशीनची टीप वरून दिसते आणि मध्ययुग तिथल्या तिथे संपते. तिन्ही घेरांची पायमोड साडेपंधरा मीटर. मीटरला अर्धा तास धरला तर आठ तासांच्या आत. चौघी बसल्या तर प्रत्येकीला दोन तास, गप्पांसकट. आठ बंड्यांना बाराबंदीच्या घाटाने बारा-बारा बंद लावले तर बंद होतात ९६. आकडा ऐकून छाती दडपते, पण हे काम शाळकरी मुले आणि चष्मा लावणाऱ्या आजीबाई मिळून करू शकतात: पट्टी कापायची, दोन्ही कडा आत दुमडायच्या, मधोमध घडी घालून धावदोरा घालायचा. मशीनवाल्या बायांचा यात एक क्षणही जाऊ नये.

कारण घाईच्या कामात खरा तुटवडा हातांचा नसतो. तो दोन ठिकाणी असतो. एक, बेतणाऱ्याचा. खडूने रेघ ओढणारा आणि कात्री चालवणारा माणूस एकच हवा. दोघांनी कापले की दोघांची शिवणीची सूट वेगळी पडते, आणि तिसऱ्या दिवशी एका घरातली बाही दुसऱ्या घरातल्या मुंढ्याला बसेनाशी होते. गावातल्या सर्वांत जाणत्या शिंप्याला मशीनवर बसवू नका. त्याला टेबलाशी उभा करा आणि त्याच्या हातात फक्त कात्री असू द्या. दुसरा तुटवडा इस्त्रीचा. प्रत्येक शिवण जोडण्याआधी आधीची शिवण दाबून बसलेली हवी, आणि चार मशीनला एक इस्त्री असेल तर सगळ्या बाया हात बांधून बसतात. इस्त्रीवर एक माणूस कायमचा नेमावा. त्याला दुसरे काही सांगू नये.

पहिल्या दिवशी कोणी शिवायला घेऊ नये, हेही कळकळीने सांगावेसे वाटते. त्या दिवशी कापड धुवायचे, वाळवायचे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि शिवून झाल्यावर आटले तर दोष शिवणाऱ्यांच्या माथी येतो. संध्याकाळी जुन्या चादरीतून किंवा स्वस्त मांजरपाटातून एक कच्चा जामा कापून, मोठे टाके घालून कोणाच्या तरी अंगावर चढवायचा. तो हात वर करतो, खाली बसतो, वाकतो. जिथे ताणते तिथे खडूने खूण करायची. हा नमुना उसवून त्याचेच तुकडे साचा म्हणून वापरायचे. एक संध्याकाळ गेली असे वाटते. पुढच्या तीन वाचतात. प्रत्येक घरी जाणाऱ्या गठ्ठ्यावर कागदाची चिठ्ठी टाचायची: कोणाचा जामा, कोणता भाग, कोणती कड वर. बादशाही वस्त्रागारात कपड्यांची नोंद ठेवायला कारकून होते. कोरीटमध्ये दहावीतली एखादी मुलगी वहीत ते काम चोख करील.

सामूहिक शिवणाची परंपरा अकबराच्याही कितीतरी आधीची आहे. बौद्ध संघात वर्षावास संपल्यावर कठिन चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, देण्याचा विधी असतो. त्यात मिळालेले कापड त्याच दिवशी, दुसरी पहाट उजाडायच्या आत, कापून, शिवून, रंगवून चीवर तयार व्हावे असा दंडक विनयात आहे. चीवराची रचनाही तुकड्यांची. मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून बुद्धांनी आनंदाला तसे चीवर बेतायला सांगितले, अशी विनयातली कथा आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्धाचे चीवर शिवण्याचा प्रसंग येतो: एका टोकाला महाकस्सप, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद, भिक्खू सूत वळताहेत, मोग्गल्लान हवे नको ते आणून देताहेत, आणि स्वतः बुद्ध सुईत दोरा ओवताहेत. कामाची ही वाटणी कोणत्याही शिवणाच्या खोलीत टांगून ठेवावी अशी आहे. सर्वांत वडील माणूस सुई ओवून देतो आहे, आणि एकजण फक्त आणून देण्यासाठी मोकळा ठेवला आहे. चितगाव डोंगरी भागात रांगामाटीच्या राजवन विहारात चाकमा स्त्रिया आजही कापसापासून सूत, सुतापासून कापड आणि कापडापासून चीवर असा सगळा प्रवास चोवीस तासांत पूर्ण करतात. महाराष्ट्रातही आश्विन पौर्णिमेनंतर ठिकठिकाणी कठिन चीवरदानाचे कार्यक्रम होतात.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारा अलीकडचा प्रसंग डिसेंबर २०२३ मधला. अनघा घैसास यांच्या पुढाकाराने पुण्यात हातमाग मांडले गेले आणि अयोध्येच्या रामलल्लाच्या वस्त्रांसाठी लोकांनी येऊन प्रत्येकी दोन धागे विणले. लाखो माणसांचे हात त्या कापडाला लागले, आणि मुदत ठरलेली होती: २२ जानेवारी २०२४ ची प्राणप्रतिष्ठा. ज्याने जन्मात माग पाहिला नाही त्याच्याकडून विणून घ्यायचे तर काम इतके बारीक तोडावे लागते की चूक करायला जागाच राहत नाही. युरोपातही मोठ्या घाईच्या कामांचे हिशेब टिकले आहेत. १३३० मध्ये इंग्लंडची राणी फिलिपा बाळंतपणानंतर पुन्हा समारंभाला येणार होती, त्यासाठीच्या भरतकामाच्या पलंगपोसांवर ७० पुरुष आणि ४२ स्त्रिया बसल्या होत्या. आणि 'मुघल-ए-आझम' (१९६०) च्या वेळी के. आसिफ यांनी कामाची वाटणी गावांवर केली. शिंपी दिल्लीचे, जरीकाम सुरतेचे, दागिने हैदराबादचे, जोडे आग्र्याचे, शस्त्रे राजस्थानच्या लोहारांची आणि मुकुट आपल्या कोल्हापूरचे. त्याच कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांनी 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवले, तेव्हा भारतात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या. त्यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते. वेशभूषेचे काम डोळ्यांच्या शिक्षणापासून सुरू होते.

पण कोरीटकरांना इतके दूर जायचीही गरज नाही. त्यांच्याच जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावची राजवाडी होळी १२४६ पासूनची मानली जाते. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार भरले की सामान घेतले जाते आणि ठरल्या रात्रीपर्यंत वेश तयार करावे लागतात: बांबूच्या कामट्यांचे, मोरपिसांनी सजवलेले उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि मोठे घुंगरू, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. ज्यांनी नवस बोलला आहे ते त्या दिवसांत कडक पथ्य पाळतात. इथे शिवण थोडी आणि बांधणी जास्त, पण सातपुड्यातल्या माणसांना ठरल्या तिथीला, एकमेकांच्या हातांनी, पिढ्यानपिढ्याचा वेश उभा करण्याची सवय आहे. ऐतिहासिक पोशाख म्हणजे शहरातून आणायची वस्तू, असे कोणी या भागात म्हणाले तर मला वाईट वाटते.

आणि शिंप्यांविषयी थोडे. संत नामदेव (१२७० ते १३५०) शिंपी कुळातले. त्यांच्या नावाने आजही नामदेव शिंपी समाज ओळखला जातो. म्हणजे यादवकाळातच शिवणे हा महाराष्ट्रात घराण्याचा व्यवसाय म्हणून रुळलेला होता. तरी गावच्या मिरवणुकीत फेटा बांधणाऱ्याचे नाव पुकारतात, घोडेवाल्याचे पुकारतात, आणि ज्याने रात्र रात्र जागून कळ्या बेतल्या तो मागे उभा असतो. ध्वनिक्षेपकावर पहिले नाव त्याचे यावे आणि मग पायमोडी घालणाऱ्या बायांची यावीत, असे माझे ठाम मत आहे. मजुरीही ठरवून, आधी बोलून द्यावी. अकबराच्या कारखान्यात शिलाईचे पैसे ठरलेले होते. गावकीच्या कामात शिलाई फुकट धरणे बरे नव्हे.

सातव्या संध्याकाळी सगळे भाग एका घरी यावेत. अंगाचा भाग आणि घेर यांची जोडणी ही एकच शिवण अशी आहे की ती ज्याच्या अंगावर कपडा जायचा त्याला उभा करूनच टाचायची. घेर छातीखाली चढवला तर माणूस उंच दिसतो, कंबरेवर ओढला तर फ्रॉकसारखा दिसतो. दोन बोटांनी सगळा फरक पडतो. टाचण्या लावून झाल्या की त्याला पटका बांधून पाहावा, कारण पटक्याखाली घेर दोनेक सेंटिमीटर वर उचलला जातो. मग कच्चा टाका, मग मशीन. बंद सगळ्यात शेवटी लावायचे, आणि तेही त्याच्या अंगावरच जागा ठरवून. आठवा दिवस राखीव. काही ना काही उसवतेच, कोणीतरी आजारी पडतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. बंदांचा कपडा असल्यामुळे तो त्यालाही बसतो.

मिरवणूक झाल्यावर जामे तसेच गुंडाळून पेटीत टाकू नयेत. घाम आणि गुलाल धुऊन, सावलीत वाळवून, कडुनिंबाची सुकी पाने घालून ठेवावेत. साच्याचे तुकडे वर्तमानपत्रात वेगळे बांधून त्यावर तिन्ही मापे लिहावीत. घेराच्या पायमोडीत आधीच चार सेंटिमीटर कापड जास्त दुमडलेले असेल, तर पुढच्या वर्षी उंची वाढलेल्या पोराचा जामा नवा शिवावा लागत नाही. पायमोड उसवून पुन्हा घातली की झाले.